पैलतीरी सोपवलेली मुले

कौंडण्यपूरच्या घाटावर उभे राहिले की समोर वर्धा नदीचे पात्र आणि पलीकडे आर्वी तालुक्यातली शेते दिसतात. आज ही नदी म्हणजे अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची हद्द. सव्वाशे वर्षांपूर्वी ती याहून मोठी हद्द होती. अलीकडचा वऱ्हाड हा १८५३ च्या तहाने निजामाने इंग्रजांकडे कारभारापुरता सोपवलेला मुलूख. मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा. पलीकडे मध्य प्रांत, म्हणजे निखळ ब्रिटिश हिंदुस्थान. तिथला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे. १९०२ च्या करारानंतर, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि नदीचे हे दुहेरीपण कारभारापुरते संपले. त्याआधी, १८९७ च्या किंवा १९०० च्या दुष्काळात जे पोर उपाशीपोटी ही नदी ओलांडत होते, ते एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जात होते. पोराला त्याची कल्पना नसणार, नाव वल्हवणाऱ्यालाही नसणार.

हद्द ओलांडून, आपल्या गावापासून, भाषेपासून, नात्यागोत्यापासून दूर एखाद्या संस्थेत ठेवलेल्या मुलाचे काय होते, त्याच्यावर हक्क कोणाचा आणि त्याची जबाबदारी कोणाची, हा या लेखाचा विषय आहे. दत्तकविधानाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. संस्थेत ठेवण्याबद्दल फार कमी. आणि माझ्या मते खरी पोकळी तिथेच आहे.

वऱ्हाड-मध्य प्रांताच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो दुष्काळात. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांताला फार जाचला. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडालाही सोडले नाही. आईबाप मेलेली, किंवा आईबापांनी पोटासाठी टाकून दिलेली मुले मदतकेंद्रांत, अन्नछत्रांत, रेल्वे स्टेशनांवर गोळा होत होती. त्यांना नेणारे अनेक जण होते. पंडिता रमाबाई हे त्यातले सर्वांत ठळक नाव. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात उपासमारीने गेले होते. तेव्हा दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. १८९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बालविधवा घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या जणींना शहरात ठेवू देईनात, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले, आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातूनही मुली आणल्या गेल्या. सरकारी मदतकेंद्रांत मुलींना काय सोसावे लागत होते याचे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलेले वर्णन वाचले, तर त्या गेल्या नसत्या तर यातल्या कित्येकींचे काय झाले असते याबद्दल शंका उरत नाही.

वऱ्हाडाशी जोडलेले आणखी एक नाव आल्बर्ट नॉर्टन या मिशनऱ्याचे. एलिचपूर भागात, म्हणजे आजच्या अचलपूरकडे, तो कोरकूंमध्ये राहून काम करत असे. पुढे त्याने दौंडला दुष्काळातल्या मुलग्यांसाठी आश्रम काढला. दुसऱ्या बाजूला आर्य समाज होता. लाला लजपत राय यांनी १८९७ मध्ये हिंदू अनाथांसाठी चळवळ उभी केली आणि मध्य प्रांतातली मुले थेट पंजाबात नेली. फिरोजपूरचे अनाथालय तर आर्य समाजाने १८७७ पासून चालवले होते. म्हणजे नर्मदेकाठचे एक पोर केडगावला जाऊन मराठी शिकत होते आणि त्याच्या शेजारच्या गावचे दुसरे पोर पंजाबात जाऊन पंजाबी. दोघेही जगले. दोघांच्याही गावी कोणी मामा, कोणी आत्या शिल्लक होती का, हे विचारायला मात्र परत कोण गेले?

त्या काळी यावर वाद झाला नाही असे नाही. चांगलाच झाला. लजपत राय यांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्ष दिली. पण वाद होता तो मुलाच्या धर्माचा. अनाथ मूल शक्यतो त्याच्याच धर्माच्या माणसांकडे द्यावे, कोणी पुढे आले नाही तर इतरांकडे, असा सरकारी धोरणाचा रोख होता. आणि मिशनरी व समाजी दोघेही त्या रोखाचा आपापला अर्थ लावत होते. मूल कोणाचे, हिंदूंचे की ख्रिस्त्यांचे, हा प्रश्न सगळ्यांना सुचला. मुलाचे काय काय आहे, म्हणजे त्याचे गाव, त्याचे नाव, त्याची जमीन, त्याची भावंडे, हा प्रश्न फारसा कोणाला सुचला नाही. दोन बहिणी वेगवेगळ्या संस्थांत गेल्या तर त्यांची नोंद एकत्र कुठे राहील, याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

कौंडण्यपूर ज्या कथेसाठी ओळखले जाते तिच्यातही एक मुलगी हद्द ओलांडून जाते. भावाने तिचे लग्न परस्पर शिशुपालाशी ठरवलेले असते. पण रुक्मिणीने स्वतःच्या हाताने पत्र लिहून ते द्वारकेला धाडले होते. या गावच्या कथेत मुलीचा स्वतःचा कागद आहे. दुष्काळातल्या मुलांबद्दल जे कागद उरले आहेत ते सगळे नेणाऱ्यांचे.

इंग्रजी अमदानीत आलेला १८९० चा पालक व पाल्य कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, आणि त्याच्याच आधाराने भारतातली मुले परदेशी जाऊ लागली. हिंदू दत्तक कायद्याखाली परदेशी ख्रिस्ती जोडप्याला दत्तक घेता येत नसे. म्हणून ते न्यायालयाकडून आधी पालक म्हणून नेमणूक घेत, मुलाला देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळवत आणि तिकडे जाऊन तिथल्या कायद्याने दत्तक घेत. विमानात बसताना मूल ‘पाल्य’ असे. उतरल्यावर कोण होईल ते पलीकडच्या देशावर अवलंबून. मुंबई-पुण्यातल्या संस्थांमधून अशी पुष्कळ मुले गेली. १९७३ मध्ये पुण्याहून जर्मनीत गेलेले अरुण डोहले मोठेपणी परत आले आणि आपल्याविषयीचे कागद पाहायला मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात, पुढे सर्वोच्च न्यायालयात झगडले. माणूस स्वतःच्याच जन्माची फाइल पाहण्यासाठी दिल्लीपर्यंत जातो, यावरून त्या काळी कागद कोणाच्या मालकीचा समजला जाई हे कळते.

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांचे हाल होतात, त्यांची वाटेत आणि तिकडेही आबाळ होते, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी जो निकाल दिला तो आजही वाचण्यासारखा आहे. निकाल असूनही त्याची भाषा एखाद्या जबाबदार नातेवाइकासारखी आहे. मुलासाठी आधी देशातच कुटुंब शोधा. परदेशी जोडप्याने परस्पर येऊन मूल मागायचे नाही. त्याच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, घराची चौकशी झाल्यावरच अर्ज करायचा. मूल देणाऱ्या आईवर दडपण आणायचे नाही, तिला फेरविचाराला वेळ द्यायचा. मूल गेल्यावर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि नंतरची तीन वर्षे दर सहा महिन्यांनी अहवाल यायला हवा. आणि ते नाते तिकडे तुटलेच, तर मुलाची दुसरी सोय करण्याची हमी तिकडच्या संस्थेने आधीच लिहून द्यायची.

या शेवटच्या अटीत सगळे मर्म आहे. मूल पाठवणाऱ्याची जबाबदारी ते पाठवल्याने संपत नाही, आणि स्वीकारणाऱ्याने ‘नंतर बघू’ म्हणायचे नाही. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली. आंतरदेशीय दत्तकाचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ‘कारा’ला वैधानिक दर्जा दिला. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पुण्याच्या प्रीतमंदिर संस्थेविषयीच्या आरोपांची चौकशी २०१० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली, ती ही सगळी नियमावली जागेवर असतानाच. तरीही, नियम मोडला गेला असे म्हणायला आधी नियम असावा लागतो. दत्तकात तो आहे.

संस्थेत ठेवलेल्या मुलाच्या बाबतीत तो फार विरळ आहे. कारण उघड आहे. दत्तक हे कायमचे समजले जाते, म्हणून त्याला चाळणी लावली. बालगृहातला मुक्काम तात्पुरता समजला जातो, म्हणून त्याला ढील दिली. प्रत्यक्षात हा तात्पुरता मुक्काम कित्येकदा मुलाचे अख्खे बालपण खाऊन टाकतो.

युरोपात हा प्रश्न लवकर टोकाला गेला, कारण तिथे एका देशातली मुले दुसऱ्या देशातल्या संस्थांत सर्रास ठेवली जातात. त्यातले एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. आयर्लंडमधल्या एका किशोरवयीन मुलीच्या जिवाला धोका होता. ती पुनःपुन्हा पळून जात असे. तिच्यासाठी देशात योग्य जागा नव्हती म्हणून आयरिश न्यायालयाने तिला इंग्लंडमधल्या एका बंदिस्त देखभाल केंद्रात ठेवण्याचा आदेश दिला. केंद्राने मुलगी घ्यायला होकार दिला होता. प्रश्न असा निघाला की हा होकार पुरेसा आहे का? युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये सांगितले, नाही. संमती द्यायची ती त्या देशातल्या सक्षम सरकारी यंत्रणेने, आणि आदेश निघण्याआधी. जी संस्था मूल ठेवून घेणार, तिच्या संमतीला तेवढी किंमत नाही. ज्याला खाट भरायची आहे त्यालाच खाट रिकामी आहे का हे विचारण्यात काय अर्थ, इतके साधे तर्कशास्त्र त्यामागे आहे.

हेच तत्त्व मुलांच्या संरक्षणाविषयीच्या १९९६ च्या हेग कराराच्या तेहतिसाव्या कलमात आहे. मुलाला दुसऱ्या देशातल्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवायचे असेल तर आधी त्या देशाच्या मध्यवर्ती यंत्रणेला मुलाचा अहवाल आणि तिथे ठेवण्याची कारणे कळवायची, आणि त्या देशाने मुलाचे हित पाहून संमती दिल्यावरच निर्णय घ्यायचा. भारत या कराराचा सदस्य नाही. आपल्याकडे चर्चा झाली ती १९८० च्या दुसऱ्या हेग करारावर, म्हणजे आईने वा बापाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेण्याच्या प्रश्नावर. विधी आयोगाने त्यावर २००९ आणि २०१६ असे दोनदा अहवाल दिले. भांडण आईबापांचे असले की त्याला वकील मिळतात. संस्थेत ठेवलेल्या मुलाच्या वतीने भांडायला सहसा कोणी नसते.

देशांतर्गत हद्दींचे काय? बाल न्याय कायद्याची ९५ आणि ९६ ही दोन कलमे यासाठी आहेत, आणि ती बालगृहाला देणगी देणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत असे मला वाटते. कलम ९५ सांगते की बालकल्याण समितीसमोर आलेले मूल दुसऱ्या जिल्ह्यातले वा राज्यातले निघाले, तर चौकशी करून, त्याच्या मूळ जिल्ह्याच्या समितीशी विचारविनिमय करून, त्याच्या हिताचे असल्यास त्याला लवकरात लवकर घरच्या ठिकाणी पाठवावे. कलम ९६ एका बालगृहातून दुसऱ्यात हलवण्याविषयी आहे. त्याच जिल्ह्यात हलवायचे तर समिती स्वतः हलवू शकते. राज्याच्या दुसऱ्या भागात हलवायचे तर राज्य सरकारचा आदेश आणि संबंधित समितीला पूर्वसूचना. राज्याबाहेर हलवायचे तर त्या राज्य सरकारशी ‘विचारविनिमय’ करूनच.

हेग करारात शब्द आहे ‘संमती’, आपल्या कायद्यात आहे ‘विचारविनिमय’. फरक शब्दाचा दिसतो, पण विचारविनिमय एका पत्रानेही उरकता येतो. संमती देणारा सही करतो, आणि सही करणारा पुढे उत्तर द्यायला बांधील असतो. शिवाय हे कलम सरकारी आदेशाने हलवलेल्या मुलांपुरते आहे. आईबापांनी शिकायला म्हणून, गरिबीपोटी, ओळखीच्या माणसाबरोबर परराज्यातल्या वसतिगृहात धाडलेले मूल त्यात येतच नाही.

ही उणीव ३० मे २०२३ रोजी भुसावळ आणि मनमाड स्टेशनांवर सगळ्यांना दिसली. दानापूर-पुणे गाडीतून बिहारमधली ५९ मुले सांगलीकडच्या मदरशांत शिकायला चालली होती. रेल्वे पोलिसांनी काही भुसावळला, काही मनमाडला उतरवली. सोबतच्या शिक्षकांवर मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले, मुलांची रवानगी जळगाव आणि नाशिकच्या बालगृहांत झाली. बारा-एक दिवसांनी मुले बिहारला परतली. पुढच्या वर्षी पोलिसांनी तपासाअंती गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचे सांगून प्रकरणे बंद केली. कोणी म्हणाले हा धर्मामुळे घेतलेला संशय, कोणी म्हणाले पोलिसांनी सावध राहायलाच हवे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकते. मला त्यात दिसते ते वेगळे. इतकी लहान मुले दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून जाताना ती निघाली त्या जिल्ह्यातल्या समितीला ठाऊक नव्हते, पोचणार त्या जिल्ह्यातल्या समितीलाही ठाऊक नव्हते. असा एकही कागद अस्तित्वात नव्हता जो दाखवून शिक्षक म्हणू शकले असते, ही मुले अमक्याच्या परवानगीने चालली आहेत. किंवा जो नाही म्हणून पोलिस खात्रीने म्हणू शकले असते, ही पळवलेली आहेत. मधला कागद नसला की कायद्याकडे दोनच शब्द उरतात, धर्मादाय आणि तस्करी. आणि चुकीचा शब्द निवडला गेला की शिक्षक तुरुंगात जातात आणि शिकायला निघालेली मुले बालगृहात. खरोखरची टोळी असती तरी तिच्यावरही याहून वेगळी नजर कोणाची नव्हती. मध्य प्रांतातून पुण्याकडे येणारी गाडी १८९७ मध्येही भुसावळवरूनच जात होती.

परदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हाच प्रश्न उलट्या बाजूने भेडसावतो. २०११ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगर इथे एका बंगाली जोडप्याची दोन मुले तिथल्या बालसंरक्षण खात्याने काढून घेतली. दिल्लीपासून ओस्लोपर्यंत राजनैतिक धावपळ झाली, एप्रिल २०१२ मध्ये काकांबरोबर मुले भारतात आली, आणि मग त्यांचे पुढे काय, हे बंगालमधल्या बालकल्याण समितीला आणि शेवटी २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाला ठरवावे लागले. मुले आईकडे गेली. बर्लिनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरात सात महिन्यांच्या एका मुलीला तिथल्या युवक कल्याण खात्याने ताब्यात घेतले. आईवडील मुंबई परिसराशी नाते असलेले गुजराती जैन. जून २०२३ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने मुलीचा ताबा त्या खात्याकडेच ठेवला आणि तिला भारतातल्या बालकल्याण यंत्रणेकडे सोपवण्याची विनंती नाकारली. वेगवेगळ्या पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूताला पत्र लिहिले.

आईवडिलांचे चुकले की खात्याचे, हे इथे बसून ठरवणे मला योग्य वाटत नाही. पण समजा, जर्मन न्यायाधीशाला वाटले की या मुलीला तिच्या भाषेच्या, तिच्या आहाराच्या घरात वाढू द्यावे. ते त्यांनी भारतात कोणाला विचारायचे? बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमात लिहिले आहे की मुलासाठी पर्यायी घर निवडताना त्याच्या संगोपनातले सातत्य आणि त्याची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. ही संहिता जर्मनीने मानली आहे, भारतानेही १९९२ मध्ये मानली आहे. पण १९९६ च्या करारात जर्मनी आहे आणि आपण नाही. त्यामुळे एका मध्यवर्ती कार्यालयातून दुसऱ्या मध्यवर्ती कार्यालयात जाऊ शकणारी, मुलीच्या घराविषयीचे अहवाल मागणारी, पुढे तिची देखरेख कोण करील ते नेमके सांगणारी वाट बंद आहे. तिच्या जागी उरतात दूतावास, निवेदने आणि दूरचित्रवाणी. एखाद्या मुलासाठी खासदार सह्या करतात, कारण त्याचे छायाचित्र देशभर गेलेले असते. ज्याचे गेले नाही त्याचे काय? करारात सहभागी झाल्याने प्रत्येक मूल परत येईल असे अजिबात नाही. कदाचित काही मुले येणारही नाहीत. पण विचारायला एक दार असेल, आणि उत्तर लेखी मिळेल.

हद्द इतकी दूरची असायलाच हवी असे नाही. कौंडण्यपूरहून वायव्येला, परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांचे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचे बालगृह आहे. मतिमंद, मूकबधिर, अंध अशी बेवारस मुले तिथे राहतात. मुंबई, पुणे, जळगाव अशा ठिकाणी रेल्वे फलाटावर, कचराकुंडीत, देवळाबाहेर सापडलेली ही मुले तिथल्या यंत्रणांनी आदेश काढून वझ्झरला पाठवली. राज्य एकच, पण मुंबईच्या फलाटावरचे मूल सातपुड्याच्या पायथ्याशी येते तेव्हा त्याच्यासाठी ती हद्द वर्धा नदीपेक्षा लहान नसते. अशा मुलाला कलम ९५ लावायला गेले तर काय होईल? घरच्या जिल्ह्यात परत पाठवावे, पण घरचा जिल्हा कोणता? सापडला तो?

आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ते मूल राहत नाही. कलम ४६ प्रमाणे बाहेर पडणाऱ्यासाठी पश्चात देखभाल आहे, आर्थिक मदत आहे. सुदृढ मुलाला ती कदाचित पुरते. पण ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, ज्याला घास भरवावा लागतो, त्याला अठराव्या वाढदिवशी कुठे सोडायचे? पाठवणारी समिती म्हणते, तो आता बालक नाही. ज्या जिल्ह्यात तो राहतो तिथली समितीही तेच म्हणते. दोन्ही बाजूंचे कागद एकाच दिवशी संपतात.

शंकरबाबांनी या मुलांना सोडले नाही. १२३ मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव दिले, त्यांची आधार कार्डे काढली, काहींची लग्ने लावून दिली. तिथेच वाढलेली, जळगावात सापडलेली एक अंध मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. पण एका माणसाच्या नावावर १२३ जणांची व्यवस्था टिकली आहे, याचा अर्थ तिथे कायद्याची व्यवस्था नाही असाही होतो. बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही त्याच बालगृहात राहू द्यावे, तसा कायदा करावा, अशी त्यांची मागणी जुनी आहे. २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावरही त्यांनी तीच मागणी पुन्हा मांडली.